न थांबणाऱ्या गाड्यांचे स्थानक

वापरातून गेलेल्या रेल्वेस्थानकाची जी व्याख्या विदर्भात किंवा खानदेशात बिनबोभाट चालते, ती रत्नागिरी जिल्ह्यात आणली की पहिल्याच वळणावर अडखळते. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी ‘शकुंतला’ किंवा पाचोरा ते जामनेर धावणारी अरुंदमापी गाडी, म्हणजे जिच्या दोन रुळांमध्ये जेमतेम अडीच फुटांचे अंतर असते अशी गाडी, बंद पडली तेव्हा तिच्या वाटेवरची स्थानके रीतसर ओस पडली. गाडी गेली, तिकीटखिडकी मिटली, फलाटावर गवत माजले आणि इतिहासकाराला हवा तसा स्वच्छ शेवट मिळाला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लहान स्थानकांनी अभ्यासकांची अशी सोय केलेली नाही. तेथील रूळ घासून चकचकीत झालेले आहेत, २०२२ साली विद्युतीकरण पूर्ण झाल्यामुळे डोक्यावर तारा आहेत, सिग्नल वेळच्या वेळी तांबडे-हिरवे होतात, गाड्यांची ये-जा रात्रंदिवस चालू असते, आणि एवढा सगळा संसार मांडून झाल्यावर उणीव राहते ती फक्त उतारूंची. तेव्हा व्याख्याच सुधारून घेणे भाग पडते: स्थानक निकामी होण्यासाठी गाडी बंद व्हावीच लागते असे नाही, तिने नुसते न थांबणे पुरेसे असते.

या प्रकाराची पाळेमुळे शोधू गेल्यास १८५३ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या १६ एप्रिलला भारतातली पहिली उतारूगाडी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटर धावली, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. मात्र बोरीबंदर काय आणि ठाणे काय, दोन्ही ठिकाणे भूगोलाच्या दृष्टीने उत्तर कोकणातच मोडतात, आणि त्यामुळे भारतीय रेल्वेचा जन्म कोकणच्या मातीत झाला, ही गोष्ट फारशी कोणी उच्चारत नाही. न उच्चारण्याचे कारण उघड आहे. जन्मलेल्या रेल्वेने डोळे उघडताच घाटाकडे पाहिले, दहा वर्षांत, म्हणजे १८६३ साली, बोरघाट चढून ती देशावर निघून गेली, आणि दक्षिण कोकणात उतरायला तिने पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे घेतली. मधल्या काळात ज्या रत्नागिरीकरांना रेल्वे पाहण्याची हौस होती त्यांनी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड किंवा आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे, अशी व्यवस्था होती, आणि हौस नव्हती त्यांच्यासाठी समुद्र होता.

रेल्वे नसण्याचेही काही सरकारी उपयोग असतात, हे मात्र इंग्रजांनी फार लवकर ओळखले. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला १८८६ साली त्यांनी रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ साली मरेपर्यंत तो तेथेच राहिला. विनायक दामोदर सावरकरांना १९२४ साली याच जिल्ह्याची हद्द न ओलांडण्याच्या अटीवर स्थानबद्ध केले आणि ती अट १९३७ पर्यंत टिकली. स्थानबद्धता म्हणजे तुरुंगाच्या भिंती न बांधता माणसाला एका मुलखात कोंडून ठेवणे. या कामासाठी सह्याद्री एका बाजूला, अरबी समुद्र दुसऱ्या बाजूला आणि मध्ये एकही रेल्वेस्थानक नाही, अशा जिल्ह्याइतकी स्वस्त आणि टिकाऊ इमारत सार्वजनिक बांधकाम खात्याला उभारता आली नसती. ज्या गैरसोयीबद्दल सामान्य रत्नागिरीकर पिढ्यान्‌पिढ्या कुरकुरत होता, तीच गैरसोय एका राजाला आणि एका क्रांतिकारकाला सरकारी हुकमाने पुरवली जात होती, एवढे समाधान त्याला मानता आले असते. त्याने ते मानल्याचे दिसत नाही.

तोवर जिल्ह्याची स्थानके पाण्यात होती. मुंबईहून सुटणारी आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई. ‘बंदर घेणे’ या प्रयोगावरून बोट धक्क्याला लागत असेल असा घाटावरच्या वाचकाचा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती खोल पाण्यात दूरवर उभी राही, आणि पडाव, म्हणजे माणसे व सामान वाहणारी मोठी होडी, काठावरून उतारूंना घेऊन तिच्यापर्यंत जाई. मग हिंदकळणाऱ्या पडावातून हिंदकळणाऱ्या शिडीवर पाय ठेवण्याचा जो क्षण येई, त्यात ट्रंक, फणस, नवी नवरी आणि सासूबाई या सर्वांची एकाच वेळी काळजी घ्यावी लागे. पावसाळा सुरू झाला की बोटी बंद होत आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास दर्याला नारळ अर्पण होईपर्यंत मुंबई फक्त पत्रातून उरे. पुढे रस्ते आले, एस. टी. आली, खाड्यांत गाळ साचत गेला आणि उतारूंच्या बोटी थांबल्या. जिल्ह्यात खऱ्या अर्थाने ओस पडलेली स्थानके कोणती असे कोणी विचारलेच, तर ती ही बंदरे होत. तेथे निदान न थांबता पुढे जाणारी बोट तरी दिसत नाही.

कोकण रेल्वेची मागणी जितकी जुनी, तितकाच तिच्या पाहणीचा इतिहासही लांबलचक आहे. बॅरिस्टर नाथ पै यांनी राजापूर मतदारसंघातर्फे १९५७ पासून संसदेत हा प्रश्न धसास लावला, त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून १९७१ साली निवडून आलेल्या प्रा. मधु दंडवते यांनी तो पुढे नेला, आणि अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी याच एका ध्यासापायी हयात घालवली. रूळ मात्र आपल्या गतीने येत होते. दिव्याहून निघालेला लोहमार्ग १९६६ साली आपट्याला पोचला आणि तेथून सुमारे साठ किलोमीटरवरच्या रोह्याला तो १९८६ साली टेकला, म्हणजे त्याचा वेग वर्षाला तीन किलोमीटर पडला. रोह्याहून रत्नागिरी सुमारे दोनशे किलोमीटर आहे. त्रैराशिक मांडले असता, हाच वेग कायम राहता तर पहिली गाडी रत्नागिरीत २०५३ च्या आसपास, भारतीय रेल्वेच्या द्विशताब्दीचा मुहूर्त साधून, दाखल झाली असती.

हा मुहूर्त हुकला तो एका विलक्षण योगामुळे. १९८९ च्या अखेरीस केंद्रात जे सरकार आले त्यात रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, ज्यांचा जन्म मंगळूरचा, आणि अर्थमंत्री होते मधु दंडवते, ज्यांचा मतदारसंघ राजापूरचा. एका टोकाच्या माणसाकडे रेल्वे आणि वाटेवरच्या माणसाकडे तिजोरी, अशी पत्रिका पुन्हा जुळण्याची वाट न पाहता जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, केंद्र सरकारने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५ आणि गोवा व केरळ यांनी प्रत्येकी ६ टक्के भांडवल घातले, आणि उरलेला पैसा रोख्यांतून, म्हणजे ठरावीक व्याजाच्या बोलीवर लोकांकडून घेतलेल्या कर्जातून, उभा राहिला. मार्गासाठी सुमारे ४२ हजार जमीनमालकांकडून जमिनी घ्याव्या लागल्या. ज्यांना कोकणातला सातबारा ठाऊक आहे त्यांना या आकड्यापुढे नव्वदहून अधिक बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास पूल ही मामुली कामे वाटतील. जेथे एका फणसाच्या फांदीने शेजाऱ्याच्या हद्दीत डोके घातले म्हणून दोन भावकींच्या तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवतात आणि एका गुंठ्याच्या उताऱ्यावर मुंबई, बडोदे व परलोक येथे वास्तव्य करणारे सतरा सहहिस्सेदार नांदतात, तेथे लोकांनी रेल्वेला फारशी खळखळ न करता जमीन दिली. पानवल नदीवरचा सुमारे ६४ मीटर उंचीचा पूल हे अभियांत्रिकीचे आश्चर्य म्हणून दाखवण्याची प्रथा आहे. त्याच्या पायाखालची जमीन मिळाली, हे त्याहून मोठे आश्चर्य कोणी दाखवत नाही.

२६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग सलग सुरू झाला आणि गाडी येणार कधी हा प्रश्न सुटून ती थांबणार कुठे हा प्रश्न जन्माला आला. जिल्ह्यात खेड, चिपळूण, रत्नागिरी अशी मोठी स्थानके झाली; संगमेश्वर रोड, राजापूर रोड अशी ‘रोड’वाली झाली, ज्यांच्या बाबतीत रेल्वेचा जुना संकेत असा की गाव तेथून पुढे रस्त्याने शोधावे; आणि यांच्या अधल्यामधल्या जागी दिवाणखवटी, अंजनी, कामथे, उक्षी, भोके, निवसर, आडवली, विलवडे अशी नावे पिवळ्या पाट्यांवर उमटली. पुढे कळंबणी बुद्रुक, कडवई, वेरवली यांची भर पडली. या नावांच्या ठिकाणी कोणती एक्स्प्रेस थांबते, असे विचारणाऱ्याकडे स्थानिक माणूस ज्या नजरेने पाहतो, ती नजर अभ्यासकाने प्राथमिक साधन म्हणून नोंदवून ठेवण्यासारखी असते.

यांपैकी उक्षीचे स्थानक नमुन्यादाखल घेता येईल. कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब बोगदा, करबुड्याचा, साडेसहा किलोमीटरचा आहे आणि तो उक्षी व भोके यांच्या दरम्यान आहे. स्थानकापासून जवळच रानपाटचा धबधबा कोसळतो. आणि गावाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, प्रागैतिहासिक माणसाने कोरलेला हत्ती आहे. कोकणातल्या अशा निवडक कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोने जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत केलेला आहे. तात्पुरती यादी म्हणजे ज्यांचा विचार पुढेमागे व्हायचा आहे त्यांची नोंद. रेल्वेच्या परिभाषेत सांगायचे तर उक्षीचे तिकीट तेथेही वेटिंगमध्येच आहे. एवढे वैभव असलेल्या गावात थांबतात त्या मुख्यतः पॅसेंजर गाड्या, आणि त्यांतली रत्नागिरीहून पूर्वी थेट दादरला जाणारी पॅसेंजर करोनाच्या टाळेबंदीनंतर दिव्यापर्यंतच जाऊ लागल्यामुळे, बोचकी घेऊन मुंबईत शिरणाऱ्या चाकरमान्याला, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहूनही गावचा उंबरा न सोडलेल्या कोकणी माणसाला, शेवटचा टप्पा लोकलच्या गर्दीशी झुंजून पुरा करावा लागतो.

उक्षीच्या फलाटावरची पाटी लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. महाराष्ट्रातल्या इतर स्थानकांप्रमाणे तीवरही नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लिहिण्याचा नियम असल्यामुळे आणि मराठी व हिंदी यांची लिपी एकच असल्यामुळे देवनागरीत ते दोनदा उमटते. थांबणाऱ्या गाडीतला उतारू ते एकदा वाचतो व उतरतो. भरधाव गाडीतल्या उतारूला ते दोनदा लिहूनही वाचता येत नाही. परंतु या स्थानकाचे खरे जीवितकार्य दिसते ते हिरव्या बावट्यात. न थांबणारी गाडी येण्याची वेळ झाली की रेल्वेचा कर्मचारी टोपी नीट करून फलाटावर येतो आणि हिरवा बावटा धरून उभा राहतो, रात्र असल्यास हिरवा दिवा दाखवतो. जाणाऱ्या गाडीचा एखादा भाग लोंबकळत नाही ना, आस तापून धूर येत नाही ना, हे नजरेने तपासून सर्व ठीक असल्याची खूण चालक आणि गार्डशी अदलाबदल करण्याची ही पद्धत सुरक्षिततेसाठी अत्यंत आवश्यक आहे. तिच्या आवश्यकतेबद्दल यत्किंचितही शंका न घेता एवढे म्हणता येते की, ज्या गावाला गाडी मिळत नाही त्या गावाच्या फलाटावर, तीच गाडी न थांबता सुखरूप पुढे जावी यासाठी एक गणवेशधारी मनुष्य दिवसातून अनेकदा अदबीने उभा असतो, आणि गावातली पोरे तो सोहळा कुंपणावर बसून पाहतात.

यावरून या गाड्या उक्षीसारख्या स्थानकावर कधीच थांबत नाहीत असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कोकण रेल्वे या जिल्ह्यात एकेरी मार्गाची आहे, म्हणजे येणारी आणि जाणारी गाडी एकाच रुळावरून धावते, आणि त्या समोरासमोर आल्या की एकीला स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, ज्याला लूप म्हणतात, घालून दुसरीला वाट द्यावी लागते. या क्रियेला क्रॉसिंग म्हणतात. मागून येणाऱ्या वरच्या जातीच्या गाडीला पुढे काढण्यासाठीही हाच उपाय करतात. गाड्यांमधली वर्णव्यवस्था इतकी पक्की आहे की वंदे भारतसाठी एक्स्प्रेस थांबते, एक्स्प्रेससाठी पॅसेंजर थांबते, आणि पॅसेंजरमधला माणूस सगळ्यांसाठी थांबतो. यामुळे ज्या एक्स्प्रेसला वेळापत्रकात गावाचा थांबा नाही, ती गावात पंधरा-वीस मिनिटे निवांत उभी असल्याचे दृश्य वरचेवर दिसते. गाडीतली माणसे खाली उतरून पाय मोकळे करतात, कोणी ‘कुठलं स्टेशन हे?’ असे विचारतो, कोणी ‘साइडला टाकली वाटतं’ असा निर्णय देतो, आणि फलाटावरचा ग्रामस्थ या सर्वांकडे पाहत असतो. या गाडीत बसण्यासाठी त्याला लागणारी एकूण एक साधने, म्हणजे गाडी, फलाट, उघडे दार आणि वेळ, त्याच्यापुढे हजर असतात. फक्त या थांबण्याला थांबा म्हणत नाहीत. थांबणे ही घटना आहे आणि थांबा हा अधिकार आहे, हा सूक्ष्म भेद न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला कळायला दोन वर्षे लागतात. उक्षीच्या शाळकरी मुलाला तो एका क्रॉसिंगमध्ये कळतो. या मार्गावर प्रवासभाडे आकारताना, बांधकामाचा खर्च वसूल व्हावा म्हणून, प्रत्यक्ष अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरण्याची पद्धत घातली गेली हे लक्षात घेतले, तर जेथे किलोमीटरसुद्धा कागदावर वेगळा भरतो तेथे थांब्यानेही वेगळे का वागू नये, असे वाटून गावकऱ्याची समजूत पटायला हरकत नसावी.

थांबा मिळवण्याची जी रीत आहे तिला मागणी, निवेदन, पुन्हा निवेदन, आंदोलन असे टप्पे आहेत, आणि त्यांत तालुक्याला नाव देणाऱ्या गावालाही सवलत नाही. नेत्रावती एक्स्प्रेस संगमेश्वर रोडला थांबावी म्हणून तेथील लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. निवेदनावर आमदार, सरपंच आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचे चिटणीस यांच्या सह्या असतात, निवेदन देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतो, आणि फोटोत नेहमी एक अधिकारी कागद हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहत असतो. यश आलेच तर पहिल्यांदा ‘प्रायोगिक थांबा’ मिळतो, म्हणजे काही महिने गाडी थांबवून किती तिकिटे खपतात ते पाहायचे आणि मग कायमचे ठरवायचे. या परीक्षेतला पेच असा की उतारू नसतात म्हणून गाडी थांबत नाही आणि गाडी थांबत नाही म्हणून उतारू एस. टी.ने जातात. गणपतीत मात्र हा सिद्धान्त कोलमडतो. गणपतीच्या जादा गाड्यांची आरक्षणे खिडकी उघडताच काही मिनिटांत संपतात, लहान स्थानकांवरही माणसांची रीघ लागते, डोक्यावर पाट आणि हातात तोरणांच्या पिशव्या घेतलेली कुटुंबे फलाटावर उतरून रिक्षा शोधू लागतात, आणि अनंत चतुर्दशी उलटली की स्थानक पुन्हा आपल्या मूळ कामाला, म्हणजे बावटा दाखवायला, लागते.

या इतिहासाचा पुढचा भाग अजून घडायचा असला तरी त्याची दिशा स्पष्ट आहे. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ साली दुहेरी झाला, म्हणजे तेथे जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना स्वतंत्र रूळ मिळाले आणि समोरासमोर आल्यावर एकीने ताटकळण्याचे कारण उरले नाही. दुहेरीकरण दक्षिणेकडे सरकावे अशी मागणी जिल्ह्यातले सर्व पक्ष एकमुखाने करतात, आणि ती रास्त आहे; मात्र ती पुरी होईल त्या दिवशी क्रॉसिंगही संपेल, आणि आज निदान अनधिकृतपणे उभी राहणारी एक्स्प्रेस उक्षीला शिट्टीसुद्धा न देता निघून जाईल. ज्याची व्याख्या करता करता अभ्यासकांची दमछाक झाली, ते शंभर टक्के वापरातून गेलेले स्थानक अशा रीतीने प्रगतीच्या हातून तयार होणार आहे.

तोपर्यंत कोकण रेल्वेला एक विनंती करता येण्यासारखी आहे, आणि तिला नवा रूळ, नवा डबा किंवा नवा रुपयाही लागत नाही. ज्या एक्स्प्रेस गाड्या क्रॉसिंगसाठी लहान स्थानकांवर जवळजवळ रोज उभ्या राहतात, त्यांची नोंद नियंत्रण कक्षात असतेच. त्यांपैकी ज्यांचे उभे राहणे नित्याचे झाले आहे, तेवढ्यांच्या पुढे वेळापत्रकात त्या स्थानकाचे नाव छापावे आणि खिडकीवर तिकीट द्यावे. गाडीला एका मिनिटाचाही उशीर होणार नाही.